त्या गुरुवारची राजकन्या

माल्व्हर्नला जाऊन थेल्मा गार्साइडला मिळणार होती ती एका म्हातारीची होकाराची मान. चहा मिळेल, केकचा तुकडा मिळेल, कदाचित जिन्यापर्यंत सोबत मिळेल, पण ते सगळं वरकड. खरी प्राप्ती म्हणजे ‘हो, आठवते मला ती रात्र’ एवढं वाक्य. सदतीस वर्षं ती दर मार्चमध्ये त्या वाक्यासाठी एक पत्र पाठवत आली होती आणि दर एप्रिलमध्ये दोन ओळींचं उत्तर येत होतं. प्रकृती बरी आहे, हवा ओलसर आहे. त्या रात्रीबद्दल अक्षर नाही. मोठ्या माणसांना आपल्या मोठेपणाच्या रात्री वेगळ्या काढून ठेवता येत नसतील, असं थेल्मानं ठरवून टाकलं होतं. तोटा काय होईल, याचा विचार तिनं केला नव्हता. केला असता तर ती गेली नसती असं नाही. ती चप्पल शोधत बसली असती आणि गाडी चुकली असती इतकंच.

कार्ड मंगळवारी सकाळी आलं. ऑक्टोबरात, तिचं पत्र गेलेलं नसताना. ‘गुरुवारी या. एकट्या या. सव्वाबाराला पोचणारी गाडी धरा. लि. वे.’ दारातली दुधाची बाटली एका हातात आणि कार्ड दुसऱ्या हातात, अशी ती जिन्यात इतका वेळ उभी राहिली की बाटली धरलेली बोटं बधिर झाली. खालच्या मजल्यावरच्या डिलिस प्रोबर्टनं दार किलकिलं केलं. डिलिस वेल्सची, विधवा, आणि जिन्यात कोण किती वेळ उभं राहतं याची तिला बारीक माहिती असे.

“गेलं का गं कुणी?”

“नाही. बोलावणं आलंय.”

“कुणाचं? वरचं?”

“माल्व्हर्नचं. मादाम वेरेन्स्कायांचं.”

“ती नाचरी? तुझी देवी?” डिलिसनं कार्ड हातात घेतलं, चष्म्याशिवाय लांब धरून वाचलं. “सदतीस वर्षं जिला तुला चहाला बोलवायचं सुचलं नाही, तिला आज कसं सुचलं? काम असणार तिचं काहीतरी. जा, पण हो म्हणण्याआधी मोज दहापर्यंत.”

“सगळ्यांचीच कामं असतात असं नाही, डिलिस.”

“नसतात त्यांना कार्ड टाकायची गरज पडत नाही,” असं म्हणून डिलिसनं दार लावून घेतलं.

गुरुवारी गाडी बर्मिंगहॅमच्या बोगद्यातून बाहेर पडली आणि थेल्माला नेहमीसारखं हलकं वाटलं नाही. साठ वर्षांची, जाडसर पोटऱ्यांची, निळ्या कोटातली बाई. हॉक्लीतल्या बिल्ल्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेली. शाळांचे, पलटणींचे, बागकाम मंडळांचे बिल्ले तिच्या बोटांखालून जात. मुलाम्यातला केसाएवढा तडा, उलटा बसलेला सिंह, एका अक्षरानं चुकलेलं ब्रीदवाक्य, सगळं तिला दिसे. चूक पकडणं हा तिचा धंदा होता आणि धंद्याबाहेरही तिची ती खोड सुटली नव्हती. बॅलेच्या खेळांना थिएटरच्या सर्वांत वरच्या, स्वस्त गॅलरीत जमणाऱ्या नेहमीच्या मंडळींत तिचा धाक होता. कुणी म्हणावं, अमकी त्या साली फार सुंदर नाचली, आणि थेल्मानं म्हणावं, त्या साली नाही, त्या साली तिचा खांदा दुखत होता. बॅलेवर प्रेम करणारी माणसं एकमेकांवर फारसं प्रेम करत नाहीत. ती एकमेकांच्या आठवणी तपासतात. लिकी टेकडीचा उतार लागला तसं समोरच्या बाकावरच्या बाईचं विणकाम घसरलं आणि लोकरीचा गुंडा थेल्माच्या पायाशी आला. तिनं तो उचलून दिला आणि पुन्हा त्या रात्रीकडे वळली. प्रवासात ती तिथंच जात असे, जशी जीभ किडक्या दाताकडे जाते. फरक एवढाच की हा दात तिला गोड लागायचा.

तेवीस वर्षांची होती ती. ऑक्टोबरातलाच गुरुवार, एकोणीस तारीख. रॉन बायवॉटर तिला थिएटरच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला होता. लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यातला, नखांत काळं राहू नये म्हणून शनिवारी लिंबू चोळणारा रॉन. आत यायची त्याची तयारी नव्हती. “पांढऱ्या तंग चड्डीतले बाप्ये बघायला मी पैसे देऊ?” असं तो नेहमी म्हणायचा आणि म्हणताना लाजायचा. त्या दिवशी मात्र थट्टा न करता त्यानं कोपऱ्यावरच्या दिव्याखाली तिचा हातमोजा घातलेला हात धरला आणि लग्नाचं विचारलं. अडखळत, लांबण लावत, मध्येच आईच्या सांधेदुखीचा विषय काढत. नॉर्थफील्डमधल्या घराची खालची बाजू, आईशेजारची खोली, वसंतात लग्न. थेल्माला घड्याळ दिसत होतं. “नंतर सांगते रे, खेळ सुटल्यावर सांगते,” म्हणून ती पळाली, गॅलरीच्या एक्याण्णव पायऱ्या धापा टाकत चढली, आणि पोचली तेव्हा दिवे गेलेले, वाद्यं सुरू झालेली. मागच्या कठड्याला टेकून तिनं सगळा खेळ उभ्यानं पाहिला.

आणि मग तो प्रवेश. राजकन्येला मागणी घालायला चार राजपुत्र आलेत. ती एका पायाच्या टोकावर उभी. एकेक राजपुत्र पुढं येतो, हात देतो, ती त्या हाताच्या आधारानं गोल फिरते, हात सोडते, क्षणभर एकटी उभी राहते आणि पुढच्याचा हात धरते. पहिला, दुसरा. दुसऱ्याचा हात सोडला आणि तिसऱ्याचा तिनं घेतलाच नाही. दोन्ही हात डोक्यावर गोलाकार नेऊन ती एका अंगठ्यावर उभी राहिली. वाद्यवृंद जणू श्वास धरून थांबला. वरून थेल्माला तिचा चेहरा तळहाताएवढाही दिसत नव्हता, पण तिची मान दिसत होती. ती मान सांगत होती: नको. कुणाचाच नको. उभं राहता येतं. खाली रॉन समोरच्या दूध-कॉफीच्या दुकानात वाट पाहत होता, नॉर्थफील्डमधली आईशेजारची खोली वाट पाहत होती, आणि वर कठड्याला टेकलेल्या मुलीला एकाएकी कळलं की नाही म्हणायला कारण लागत नाही. खेळ सुटल्यावर तिनं रॉनला नाही म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात लिडिया वेरेन्स्काया यांना पहिलं पत्र लिहिलं. त्यात तारीख घातली, वार घातला, आणि लिहिलं की तुम्ही हात नाकारलात म्हणून मला नाकारता आला. तेव्हापासूनच्या सगळ्या संध्याकाळी, एकटीचं जेवण, एकटीची सुट्टी, एकटीनं बदललेला दिव्याचा बल्ब, या सगळ्यांच्या मागे ती मान उभी होती. म्हणून ते वाक्य हवं होतं. मादाम म्हणाल्या असत्या की हो, मी मुद्दाम केलं ते, तर पुढची वीसेक वर्षंही निघाली असती.

माल्व्हर्नच्या चढाला दम लागतो आणि तिथले लोक तो लागत नसल्यासारखं चालतात. डोंगराच्या अंगावर घरं रचलेली, एकाच्या छपरावर दुसऱ्याची बाग. मादाम एका जुन्या दगडी घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. दार त्यांनीच उघडलं. थेल्मानं गुडघा किंचित वाकवला. साठाव्या वर्षी तो कुरकुरला.

“वर ऊठ, वर ऊठ, पोरी. इथं कुणी बघत नाही,” मादाम म्हणाल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या सडपातळ, केस मागं ताणून बांधलेले, पायांत लोकरीच्या सपाता; सपातांतून अंगठ्यांची हाडं कांद्यांसारखी बाहेर आलेली. बोलण्यात रशियन धाटणी होती आणि तिच्याखाली, गालिच्याखालच्या फरशीसारखी, बर्मिंगहॅमजवळच्या वॉल्सॉलची बोली. लिली व्हर्नन या खाटकाच्या मुलीला सतराव्या वर्षी कंपनीनं रशियन नाव दिलं होतं. त्या काळी इंग्रजी नावाच्या मुलीनं नाचलेलं लोकांना पटत नसे. गॅलरीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे ते विसरल्यासारखं वागत.

चहा झाला. ओव्याच्या जातीच्या बियांचा केक झाला. मादामनी तिच्या कोटाच्या रंगाचं कौतुक केलं, गाडीची चौकशी केली, आणि मग टेबलावरचा फितीनं बांधलेला गठ्ठा पुढं सरकवला. थेल्माचं स्वतःचं अक्षर, वर्षागणिक जाड होत गेलेलं. सगळी पत्रं. तिचे कान तापले. जपून ठेवलीत, तिच्या मनात आलं. म्हणजे आता वाक्य येणार.

“सोमवारी लंडनहून एक पोरगी येतेय,” मादाम म्हणाल्या. “संग्रहालयातली. माझे कपडे, चित्रं, कागद, सगळं नेणार. पत्रं तर हवीच म्हणते. एका प्रेक्षकानं सदतीस वर्षं एकाच रात्रीबद्दल लिहिलंय असं दुसरीकडे कुठं नाही म्हणे.”

“त्यात माझं काय, मादाम. रात्रच तशी होती.”

“तेच. ती रात्र.” मादामनी गठ्ठ्यातलं सर्वांत खालचं पत्र काढलं. “बाकीच्यांत तू नुसतं ‘ती रात्र’ म्हणतेस. ह्यात तारीख घातलीस. गुरुवार, एकोणीस. एवढं एक पान नव्यानं लिहून दे. मंगळवार, सतरा. त्या काळचा कागद माझ्यापाशी आहे, पिवळा पडलेला. शाईही काळीच घे.”

डिलिस म्हणाली होती दहापर्यंत मोज. थेल्मा तीनपर्यंत पोचली. “पण गुरुवारच होता. माझी आठवण चुकत नाही.”

“तुझी आठवण चुकत नाही, माहीत आहे मला,” मादाम जरा चिडूनच म्हणाल्या. “तीच तर पंचाईत आहे. अगं, गुरुवारी मी नव्हते.”

खिडकीतून खालच्या घराचं धुरांडं दिसत होतं. धुरांड्यावर एक कावळा होता. तो उडाला.

“मॅनेजरनं पडद्यापुढं येऊन सांगितलं होतं,” मादाम म्हणाल्या. “दौऱ्यावर छापील चिठ्ठी नसायची, तोंडीच सांगायचे. वेरेन्स्काया यांच्या घशाला सूज आहे. तुम्ही गॅलरीतली माणसं तर अशा वेळी ओरडता. तू कसं ऐकलं नाहीस?”

कसं ऐकलं नाही? कोपऱ्यावर दिव्याखाली एक माणूस आईच्या सांधेदुखीबद्दल बोलत होता म्हणून. गॅलरीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला नियम असा की तिकीट विसरलात तरी चालेल, पण निवेदन चुकवायचं नाही. थेल्मा पुढं आयुष्यभर अर्धा तास आधी जाऊन बसली. एकदाच उशिरा पोचली होती.

“घसा?” तिनं विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“घसा कसला. पोस्टरवर माझं नाव बोटभर लहान छापलं होतं. मी हॉटेलात पांघरूण घेऊन पडले. त्यांना अद्दल घडवायची होती.” म्हातारी हसली आणि लगेच हसू गिळलं. “जोन हिबर्ट नाचली. डडलीची. मागच्या रांगेतली पोर, माझी बदली. पाच वाजता तिला कळलं, सात वाजता पडदा.”

थेल्मानं ते नाव मनात उच्चारून पाहिलं. जोन हिबर्ट. कारखान्यात अशा नावाच्या तिघी असतील. त्या मानेवर ते नाव बसेना. ती मान तर अजून तशीच होती, ताठ, थोडी डावीकडे. नाव तेवढं निखळून पडलं होतं. पण ठीक आहे, तिनं स्वतःला सांगितलं, नाव चुकलं म्हणून केलेलं चुकत नाही. मागच्या रांगेतल्या पोरीनं हात नाकारला असेल तर उलट ते मोठंच. “मग तिनं हात नाकारला,” ती म्हणाली. “तिसरा. तुम्ही सांगितलं होतं तिला तसं?”

मादामनी तिच्याकडे पाहिलं, जसं शिकवताना चुकलेल्या मुलीकडे पाहत असतील तसं. “कोण नाकारतं हात? त्या जागी? अंगठ्यावर? वेडी का तू?” त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. “मी तिथं नेहमी दोन ठोके मागून वळायचे. लोकांना वाट बघायला लावायची माझी सवय. तिसरा होता हॅरॉल्ड, त्याला माझी सवय. जोन बिचारी संगीतावर वळली, बरोब्बर. हॅरॉल्ड पोचलाच नव्हता. हात आला नाही, पोरी. मग ती काय करणार? पडणार का? उभी राहिली.”

“वाद्यवृंद थांबला होता.”

“थांबेल नाहीतर काय. वाजवणारालाही दिसलं हात नाही ते.” त्यांचा ठेका थांबला. “आणि नाचाचे बूट मेलेले. नवे बूट जिन्यावर आपटून, टोकाला दोरा भरून तयार करायला दोन दिवस लागतात. तिच्यापाशी तालमीतली एक मऊ पडलेली जोडी होती. मेलेल्या बुटात त्या टोकावर तेवढा वेळ उभं राहायचं म्हणजे घोट्यानं सगळं झेलायचं. खेळ पुरा केला तिनं. विंगेत आली आणि बसली, ती परत धड उठली नाही. पुढं डडलीत लोकरीचं दुकान काढलं. सहा वर्षं झाली, गेली.”

“आणि माझं पत्र?”

“आलं तेव्हा जोन हॉस्पिटलात होती. हे हिचं, हिला नेऊन द्यायचं, म्हणून मी ते पर्समध्ये घातलं. टॅक्सीत वाचलं. दारात पुन्हा वाचलं.” मादाम आपल्या हातांकडे पाहत होत्या, हात मांडीवर अजून नीट ठेवलेले, बोटं सुटी, मधलं थोडं आत. “तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते माझंच झालं होतं. तू लिहितेस चांगलं. पुढं इतर कुणी लिहीनासं झालं तरी तू लिहीत राहिलीस. आता सांग, सोमवारी ती पोरगी तारखा ताडून बघेल. मग काय म्हणतील मला? एक रात्र गं. हजारो रात्री नाचले मी, आणि नाव जायचं ते न नाचलेल्या रात्रीमुळं?”

पेन टेबलावर काढून ठेवलेलं होतं. पिवळा कागदही. थेल्मानं पेन उचललं तसा मादामचा खांदा सैल झाला. तिनं मात्र पिवळा कागद बाजूला सारला, आपलं जुनं पत्र जवळ ओढलं आणि समासात तपासणीच्या टेबलावरच्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं: ‘तारीख बरोबर आहे. नाव चुकलं आहे. नाचली ती जोन हिबर्ट.’ खाली सही केली.

“दुष्ट आहेस,” मादाम म्हणाल्या. रशियन धाटणी पार गळून गेली होती. बोलत होती ती वॉल्सॉलच्या खाटकाची लिली. “केक खाऊन वर हे.”

“केक छान होता, मादाम.”

“फाडून टाकीन मी ते.”

“तुमच्याकडेच आहे. टाका.”

पण लिलीनं ते फाडलं नाही, निदान थेल्मासमोर नाही. गठ्ठ्यात परत घातलं, फीत बांधली, गाठ दोनदा तपासली. जिन्यापर्यंत सोबत आली. कठडा धरून उभी राहिली आणि थेल्मा पाच पायऱ्या उतरल्यावर वरून म्हणाली, “मार्चमध्ये येईल ना पत्र?”

“येईल.”

“काय लिहिशील त्यात आता?”

“बघू. हवापाणी.”

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. थेल्मा खिडकीशी बसली आणि उलट्या दिशेनं जाणाऱ्या फळबागांकडे पाहत तिनं रडायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. रडण्यासाठी कुणीतरी आपल्याला फसवलेलं लागतं. म्हातारीनं लपवलं, खरं, पण जे दिसलं ते थेल्मानं आपण होऊन पाहिलं होतं. एक पोरगी मेलेल्या बुटात, न आलेल्या हाताची वाट पाहत, दात चावून उभी होती. आणि एक्याण्णव पायऱ्या वर थेल्माला त्यात ‘नको’ दिसलं. जोनला हात हवा होता. त्या क्षणी जगात तिच्याइतका हात कुणालाच हवा नव्हता. मग नाकारला कुणी? वूस्टरचा पूल आला, पाण्यावर हंस होते, आणि थेल्माला हळूहळू, पायाला मुंग्या याव्या तसं कळत गेलं की त्या रात्री त्या अख्ख्या थिएटरात हात नाकारणारी बाई एकच होती आणि ती गॅलरीत उभी होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते आपलं आपण केलं होतं, आणि सदतीस वर्षं दुसरीच्या नावावर घालून निवांत झोपली होती. अभिमान वाटावा की काय, असं तिला वाटलं. थोडा वाटलाही. मग आठवणीत रॉन आला.

तो दुधाच्या दुकानात बसला नव्हता, दाराशी उभा होता. टोपी हातात, केस ओले करून विंचरलेले. तिनं नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं होतं, “माझं काही चुकलं का?” आणि ती म्हणाली होती, नाही रे, मी आज आत काहीतरी पाहिलं. काय पाहिलं, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, राजकन्या, चार हात, तिसरा हात. त्यानं ते सगळं नीट ऐकून घेतलं, कारखान्यात नव्या यंत्राची माहिती ऐकावी तसं, आणि शेवटी मान हलवून म्हणाला, “म्हणजे मी तिकीट काढून आत यायला हवं होतं.” ती हसली होती. गॅलरीतल्या मंडळींना ती हे वाक्य विनोद म्हणून सांगायची; हमखास हशा यायचा. रॉननं पंचेचाळिसाव्या वर्षी एका विधवेशी लग्न केलं, आई गेल्यावर. तोवर, त्याची बहीण बाजारात भेटली तेव्हा म्हणाली होती, तो वर्षातून दोनदा तिकीट काढून बॅलेला जात असे, एकटा, आणि घरी येऊन म्हणे, मला अजून दिसलं नाही काय ते. हेही थेल्मानं विनोद म्हणूनच ऐकलं होतं. आता गाडीत ते वाक्य तिच्याशेजारी येऊन बसलं आणि उठेना. काय दिसणार होतं त्याला? तिथं काही नव्हतंच. जे होतं ते थेल्माचं होतं, आणि ते तिनं त्याला सांगितलंच नाही. एक राजकन्या पुढं केली आणि तिच्या मागं उभी राहिली. मला तुझ्याशी लग्न करायचं नाही, एवढं एक साधं वाक्य त्याला मिळालं असतं तर तो घरी जाऊन रडला असता, महिनाभरानं सावरला असता, आणि पांढऱ्या चड्डीतल्या बाप्यांकडे बावीस वर्षं डोळे फोडून पाहत बसला नसता.

बर्मिंगहॅमच्या गोदामांचे पाठमोरे भाग लागले. थेल्मानं कोटाची बटणं लावली. तिला आपलं एकटेपण तोट्यात धरता येईना. ते तिला आवडलं होतं, बल्बसकट. लिडिया वेरेन्स्कायांना सदतीस पत्रं मिळाली, थेल्माला सदतीस वर्षं मिळाली, दोघींनी ती दुसरीच्या नावावर घेतली आणि दोघींना ती छान पुरली. त्या दोघींचं बिल भरलं कुणी? जोन हिबर्टनं घोट्यानं भरलं. रॉन बायवॉटरनं खुर्चीत बसून, खेळामागून खेळ, भरलं. आणि भरताना कशाचं भरतोय, हे दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.